चिखलासकट

आमचे हे आधी गाडी जीव ओतून रंगवतात आणि मग तितकाच जीव ओतून ती मळवतात. लग्नानंतर बरीच वर्षं मला हा प्रकार समजलाच नव्हता. शर्टाच्या बाहीवर चहाचा थेंब पडला तर दिवसभर चेहरा पाडून बसणारा हा माणूस, पण वीतभर रणगाड्याच्या पट्ट्यांना चिखल मनासारखा बसला नाही तर भरल्या ताटावरून उठायचा. त्यांचा सगळा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला. पाटीवर एक ओघळ आला तरी गिऱ्हाईक डोक्यावर बसतं, त्यामुळे दिवसभर ओघळ येऊ न देण्याची काळजी. घरी आले की खिडकीजवळच्या टेबलाशी बसून मुद्दाम ओघळ काढायचे, गंजाचे, तेलाचे, पावसाच्या पाण्याचे. त्यांच्या मंडळात याला वेदरिंग म्हणतात. मी मळवणं म्हणते.

हे मंडळ म्हणजे लष्करी गाड्यांची छोटी मॉडेलं करणाऱ्या हौशी लोकांचं. सगळे पुरुष, बहुतेक निवृत्त आणि बहुतेकांना घरची माणसं कंटाळलेली. माझी नणंद तर भावाच्या तोंडावर म्हणायची की या वयात खेळण्यांशी काय खेळतोस. मी मात्र त्यांना कधी हसले नाही. त्याचं कारण असं की या अख्ख्या मंडळात युद्धाच्या काळात खरी लष्करी गाडी चालवलेलं माणूस एकच आहे. मंडळाची ती सभासद नाही, सभेला चहा करते. ती मी.

एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढे गोंधळ नको. लग्नाआधी, विशीत असताना, मी लष्कराचा पाण्याचा टँकर चालवला आहे. युद्धात पुरुष ड्रायव्हर कमी पडायला लागले तेव्हा बायकांची एक तुकडी भरती केली होती. आमचं काम असं की स्टेशनवरून गाडी डेपोपर्यंत आणायची, फाटकात पुरुष ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायची आणि मागे फिरायचं. फाटकाच्या पुढे घाट आणि घाटाच्या वर ठाणी. तिकडे आम्हाला जायची परवानगी नव्हती.

मग वरच्या ठाण्याचा झरा तोफांच्या माऱ्यात बुजला आणि नेमके त्याच सुमारास डेपोतले निम्मे ड्रायव्हर तापाने आडवे झाले. पुरवठा अधिकारी स्वतः फाटकात आले. भरलेला टँकर घेऊन मी उभीच होते. वर पाण्याचा थेंब नाही, जाशील का, एवढंच त्यांनी विचारलं. जाते म्हटलं. लिहून कोणी काही दिलं नाही आणि मी मागितलंही नाही. तो सगळा मोसम मी घाटात टँकर चढवला. पावसाळा सरला होता, पण कड्यांमधून पाणी झिरपत होतं आणि रस्ता म्हणजे नुसता चिखलाचा राडा. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पहिल्या दिवशी क्लच दाबला आहे की नाही तेच मला कळेना. वर पोचले की लोक डबे भरून घ्यायचे आणि अंधाराच्या आत मला खाली उतरायचं असायचं, त्यामुळे सीटवरून खाली पाय ठेवायची वेळ क्वचितच आली. कोणी नाव विचारलं नाही. मीही कोणाचे चेहरे लक्षात ठेवले नाहीत, धुळीने सगळे सारखेच दिसायचे. माझ्याशिवाय घाट चढणाऱ्या अजून दोघी होत्या. त्यातली एक वारली. दुसरीला आता स्वतःची मुलगीही ओळखू येत नाही. पुरवठा अधिकारी तर युद्ध संपायच्या आतच गेले.

थोडक्यात, मी घाट चढले हे सांगणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. मीही सांगायचं सोडलं होतं. सांगितलं की लोक ‘हो का?’ म्हणायचे आणि त्यातला ‘का’ मला झोंबायचा.

गेल्या वर्षी, घाटावरची ती ठाणी सांभाळलेल्या पलटणीच्या वर्धापनदिनाचं मोठं प्रदर्शन ठरलं. पलटणीच्या हॉलमध्ये मंडळाची मॉडेलं मांडायची, जुने सैनिक बोलवायचे, कमांडरच्या हातून उद्घाटन करायचं, असा बेत. त्या दिवशी जेवताना आमचे हे खाली ताटात बघत म्हणाले, “तुझा टँकर करतो.”

मी पाणी वाढत होते ते तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत त्या गाडीला कोणी तुझा म्हटलं नव्हतं. मला रडू आलं, म्हणून मी भाजीत मीठ कमी आहे का असं काहीतरी विचारलं.

तसा टँकर बाजारात मिळत नाही. त्यांनी त्याच जातीच्या ट्रकचं किट आणलं आणि मागची टाकी प्लास्टिकच्या पत्र्यातून आणि नळीच्या तुकड्यातून स्वतः घडवली. मग प्रायमर, त्यावर गंजाचा रंग, त्यावर केसांवर मारायचा स्प्रे आणि त्यावर लष्करी हिरवा. वरचा रंग वाळला की ओल्या ब्रशने घासायचा, म्हणजे स्प्रे विरघळतो आणि हिरवा कपच्या कपच्यांनी निघून खालचा गंज दिसतो. हा स्प्रे आणायला ते स्वतः गेले होते. त्यांच्या डोक्यावर केस म्हणाल तर कानांच्या वर दोन झुबके आहेत. दुकानातली मुलगी त्यांच्या टकलाकडे आणि बाटलीकडे आळीपाळीने बघत होती म्हणे. ते म्हणाले, ट्रकसाठी हवाय. तिने अजून एकदा बघितलं.

रंग कुठे उडाला होता ते मी सांगायचे. माझी उंची बेताची. पायरीवरून वर चढता यायचं नाही, म्हणून मी आधी पुढच्या चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या फुगीर भागावर, पाय द्यायचे. तिथला रंग घासून पत्रा चकाकायचा. पुरुष ड्रायव्हरच्या गाडीत दाराच्या वरच्या कडेला हात लागून रंग जातो, माझा जायचा खालच्या बिजागरीपाशी. मागचा नळ गळका, त्यामुळे नळाखाली बंपरवर धुऊन निघालेला पट्टा आणि दोन्ही अंगांना चिखलाची पुटं. आमच्या ह्यांनी सगळं ऐकलं. स्पंजच्या तुकड्याने, सुईने, कोरड्या ब्रशने त्यांनी ते एकेक उतरवलं. किटमधल्या ड्रायव्हरच्या मिशा तासल्या, टोपीखाली पुट्टीचा अंबाडा बसवला आणि बुडाखाली घडी घातलेलं पोतं दिलं, कारण पोत्याशिवाय मला काचेतून पुढचं दिसायचंच नाही. शेवटी रंगाची पूड पातळ करून चिखल. आधी ओला, गडद, चाकांच्या आत. त्यावर वाळलेला, फिका. अगदी वर नुसती धूळ. पूर्ण झाला तेव्हा मी तो तळहातावर घेतला आणि मला खरंच डिझेलचा वास आल्यासारखं वाटलं.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी मंडळाचे अध्यक्ष घरी आले. अध्यक्ष म्हणजे पलटणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. भरती झाले ते युद्ध संपल्यावर. माणूस वाईट नाही, पण पलटणीचा इतिहास त्यांनी लिहिलेला, वर्धापनदिनाला पुस्तक निघणार होतं, त्यामुळे पलटणीत जे काही झालं ते आपल्याला विचारून झालं अशी त्यांची समजूत. त्या पुस्तकात आमच्या तुकडीवर एक परिच्छेद आहे. त्यात आम्ही डेपोच्या फाटकापर्यंत अमोल सेवा बजावली असं लिहिलं आहे.

त्यांनी टँकर हातात घेऊन सगळीकडून बघितला आणि आमच्या ह्यांचं तोंडभरून कौतुक केलं. मग चष्मा काढून माझ्याकडे वळले.

“वहिनी, फक्त दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत. स्टिअरिंगवर बाई असेल तर गाडी डेपोतली, म्हणजे धुतलेली, स्वच्छ हवी. आणि हा एवढा चिखल ठेवायचा असेल तर गाडी घाटातली, म्हणजे ड्रायव्हर पुरुष हवा. दोन्हीतलं एक काहीतरी ठेवा.”

“मी स्टिअरिंगवरही होते आणि चिखलातही होते,” मी म्हणाले.

ते म्हणाले की तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे, पण आधार लागतो. कमांडर येणार, जुने लोक येणार, कोणीतरी बोट ठेवलं तर मंडळाची शोभा. कोणाची साक्ष आहे का, एखादा फोटो? फोटो काढायला मी कोणाला थांबवलं असतं, असं मी विचारलं. ते हसले आणि समजूत काढायच्या सुरात म्हणाले, “पुस्तक छापून झालंय, वहिनी.”

“मग पुस्तकाला थोडं वेदरिंग करा.”

आमच्या ह्यांना ठसका लागला. अध्यक्षांना मात्र तो विनोद वाटला नाही. दारात चपला घालताना ते ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी हळू आवाजात बोलले आणि ह्यांनी मान हलवली. मान हलवणं हा आमच्या ह्यांचा जुना रोग आहे. समोरचा काहीही बोलला तरी यांची मान आधी हलते आणि डोकं मागून चालायला लागतं.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीकडे गेले, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. परत आले तर टेबलावर टँकर उभा, आणि असा चकचकीत की त्यात खिडकी दिसत होती. चिखल गेला होता. धूळ गेली होती. चाकांचे टायर काळेभोर. पूड काढायला त्यांनी थिनर वापरलं असणार, कारण तिच्याबरोबर तुंब्यावरचा घासलेला पत्राही गेला होता आणि त्यावर नवा हिरवा रंग होता. वरून चमकदार वार्निशचा हात. स्टिअरिंगवर मी तशीच, अंबाडा, पोतं, सगळं जागच्या जागी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अगं, मी तुला वाचवली,” ते घाईघाईने म्हणाले. “ते पुरुष बसवा म्हणत होते. मी म्हटलं, बाई हलणार नाही. चिखल काय, आज गेला तर उद्या लावता येतो.”

“अहो, चिखल गेला म्हणजे मी फाटकापाशीच उभी राहिले. शोभेला. नटूनथटून. मला हेच पुस्तकात वाचायचं असतं तर टँकर कशाला करवून घेतला?”

मग मी खूप बोलले. ते सगळं इथे लिहीत नाही, शेजारच्यांनी ऐकलं तेवढं पुरे. मला राग चिखलाचा नव्हता. मला वाटलं होतं, एक माणूस तरी आहे ज्याने माझं ऐकून तुंब्यावरचा रंग घासला, आणि त्या माणसाने तो दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्या हाताने झाकला. हे मी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण मी दया दाखवायच्या मनःस्थितीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, त्यांच्या टेबलावरून पुडीच्या डब्या उचलून आणल्या आणि टँकर पुढ्यात घेतला. ब्रश मी कधी हातात धरला नव्हता, धुऊन मात्र हजारदा ठेवले होते. पूड कालवली आणि चाकांना फासली. वाळली आणि हात लावताच खाली पडली. पुन्हा फासली, पुन्हा पडली. चमकदार वार्निशवर काही धरतच नव्हतं, काचेवर माती टाकावी तसं. मी टँकर आपटायचीच बाकी होते.

तेवढ्यात आमचे हे आत आले. बोलणं आमचं बंद होतं. त्यांनी मॅट वार्निशची बाटली आणि रुंद ब्रश माझ्या कोपरापाशी ठेवला, पाण्याचा पेला भरून घेतला आणि तसेच बाहेर गेले. तहान त्यांना लागलेली नव्हती, पेला त्यांनी तिथेच विसरून ठेवला होता. मी सगळ्या गाडीवर मॅटचा हात मारला. ती वाळून निस्तेज झाली, आणि मग पूड धरायला लागली.

मी घाटात होते तशीच काम करत गेले, एका वळणापुढचा विचार न करता. चाकाच्या आत बोटाने दाबून भरलं. कड्याच्या बाजूला जास्त, दरीच्या बाजूला कमी, कारण चढताना भरलेला टँकर मी कड्याला घासून न्यायचे आणि तिथेच पाणी साचलेलं असायचं. तुंब्यावरचा नवा रंग सुरीच्या टोकाने खरवडला. सफाई नव्हती त्यात. ह्यांच्या हातचा चिखल बघितला की वाटायचं, काय सुंदर चिखल आहे. माझा बघून वाटत होतं, पाय पुसून आत या. दुपारी ते पुन्हा पाण्याच्या निमित्ताने आले आणि न राहवून वाकून बघायला लागले.

“प्रमाणात नाही हे,” ते हळूच म्हणाले. “एवढी जाडी म्हणजे खऱ्या गाडीवर वीतभर चिखल होईल.”

“वीतभरच होता.”

ते मग स्टूल ओढून शेजारी बसले आणि नळाखालचा धुतलेला पट्टा आपण काढू का म्हणून विचारलं, कारण तिथे हात हलका लागतो. मी ब्रश दिला. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, आणि त्या पट्ट्यावर त्यांचा जो वेळ गेला त्यावरून मला तिची गरजही वाटली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये हिरव्या कापडाची लांबलचक टेबलं मांडली होती. आमच्या ह्यांचा रणगाडा मधोमध, मानाच्या जागी, आदल्या दिवशीच नेऊन ठेवलेला. त्याच्या शेजारी टँकरसाठी जागा सोडली होती. मी खोका उघडून टँकर बाहेर काढला आणि अध्यक्षांचा हात लगेच आडवा आला.

“वहिनी, आपलं ठरलं होतं ना?”

“तुमचं ठरलं होतं.”

ते आवाज चढवणाऱ्यातले नाहीत. शांतपणे म्हणाले की या स्थितीत हे मॉडेल टेबलावर ठेवता येणार नाही, त्यांचा नाइलाज आहे. मीही शांतपणे म्हटलं की तुमचं टेबल तुम्हाला लखलाभ. दाराजवळ एक खुर्ची रिकामी होती, येणाऱ्या जाणाऱ्यांच्या वाटेतच. तिच्यावर जाऊन बसले आणि टँकर मांडीवर घेतला. लोक बघत होते. एवढी वयाची बाई मांडीवर खेळणं घेऊन बसली आहे, असंच दिसत असणार. उठून घरी जावं असं दोनदा मनात आलं. पण गेले असते तर फाटकातून परत फिरल्यासारखंच झालं असतं, म्हणून बसून राहिले.

आमचे हे टेबलापाशी उभे होते. अध्यक्ष त्यांना काहीतरी समजावत होते आणि ह्यांची मान नेहमीप्रमाणे हलत होती. मी तोंड फिरवलं. थोड्या वेळाने शेजारी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बघते तर हे. मांडीवर रणगाडा. तिकडे टेबलाच्या मधोमध हिरवं कापड उघडं पडलं होतं आणि अध्यक्ष त्याच्याकडे बघत होते.

“अहो, मानाची जागा सोडली?” मी म्हटलं.

“तिथे वारा फार लागत होता,” ते म्हणाले. हॉलच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस मला त्या क्षणी जितका आवडला तितका आधी कधी आवडला नव्हता.

कमांडर येऊन फीत कापून गेले. मग जुने सैनिक यायला लागले, कोणी मुलाच्या आधाराने, कोणी काठी टेकत. दारातून आत आलं की पहिल्यांदा आम्हीच दिसायचो. काही जण हसून पुढे गेले. एकाने मला ही विकायला आहेत का असं विचारलं. मग एक किडकिडीत म्हातारा माझ्यापुढे थांबला. कानात यंत्र, कोट अंगाला ढगळ झालेला. तो वाकला आणि टँकरकडे इतका वेळ बघत राहिला की त्याला वर यायला मदत हवी आहे की काय असं मला वाटलं.

“घाटातला हा?” त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

“याचं पाणी प्यालोय मी.” त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. “काय घाणेरडं पाणी ते. रंगाचा वास यायचा. चहाला रंगाचा वास, भाताला रंगाचा वास. टाकीला आतून रंग लावणारा तो शहाणा कोण होता?”

कानाला ऐकू कमी येत असल्यामुळे तो मोठ्याने बोलत होता. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. टेबलापलीकडून अध्यक्षही वळले.

मी म्हटलं, डेपोवाल्यांनी लावला होता, मी त्यांना सांगत होते. त्याने बहुतेक ऐकलं नाही. त्याचं लक्ष आता काचेच्या आत होतं. पुट्टीच्या अंबाड्याकडे त्याने बोट केलं आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“आणि शिव्या,” तो म्हणाला. “टँकर दिसायच्या आधी शिव्या ऐकू यायच्या. खालच्या वळणावरून. बाईच्या आवाजात. रस्त्याला शिव्या, गियरला शिव्या. त्या ऐकू आल्या की आम्ही म्हणायचो, डबे काढा रे, पाणी आलं.”

आमच्या ह्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला होता. आजूबाजूचे लोक आता जवळ सरकले होते. तेही त्या म्हाताऱ्याला कळलं नाही, तो आपल्याच तंद्रीत, तितक्याच मोठ्या आवाजात बोलत होता.

“त्या पाण्याची तक्रार करायची राहिली माझी. तेव्हा कोणाकडे करायची तेच कळलं नाही. ड्रायव्हर बोलायला थांबायचीच नाही कधी.”

मी उठून उभी राहिले. टँकर दोन्ही हातांत धरला होता. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा फार मोठा निघाला.

“माझ्याकडे करा तक्रार,” मी म्हणाले. “टँकर मी चालवत होते.”

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ओळख वगैरे पटली असं मी म्हणणार नाही. त्याने मला कधी नीट बघितलंच नव्हतं आणि मीही त्याला. पण त्याने काठी डाव्या हातात घेतली, कोट खाली ओढून सारखा केला, ताठ उभा राहिला आणि रीतसर तक्रार करायला सुरुवात केली. पाण्याला वास येतो. नळ गळका असल्यामुळे वर पोचेपर्यंत टाकी कमी होते. टँकर यायची वेळ धड नाही. डबे भरताना ड्रायव्हर ओरडते. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचं तरी बोलणं मध्ये न तोडता ऐकत होते.

मध्येच अध्यक्ष जवळ आले. चष्मा हातात होता आणि चेहऱ्यावरून ते एकदम दमल्यासारखे दिसत होते. टेबलावरची मधली जागा रिकामीच आहे, तिथे ठेवा, आहे तसाच ठेवा, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले.

“थांबा,” मी म्हणाले. “आधी त्यांची तक्रार पूर्ण होऊ दे.”